टपरीच्या भिंतीतला पैसा

कैदेतला बाप भेटीला आलेल्या मुलाला एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवतो : केळ्यांच्या टपरीत पैसा नेहमीच असतो. मुलगा मान डोलावतो. बाप आपल्याला धंद्याचे तत्त्व सांगत आहे, असे त्याला वाटते. धंदा लहान असला तरी रोखीचा असावा, मोठे बांधकाम बुडाले तरी छोटे दुकान घराला उपाशी ठेवत नाही, असा काहीसा त्याचा अर्थ तो लावतो. व्यापारी घरात वाढलेल्या कोणीही हाच अर्थ लावला असता. पेढीवर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अशी दोनचार ठरलेली वाक्ये असतातच आणि ती अर्धवट कानांनी ऐकण्याची सवयही तरुणांना असतेच. भाग संपता संपता कळते, की बाप तत्त्व सांगत नव्हता, पत्ता सांगत होता. टपरीच्या भिंतींच्या आत अडीच लाख डॉलरच्या नोटा दडवलेल्या होत्या. मुलाला हे समजते तेव्हा टपरीची राख झालेली असते आणि ती त्याने स्वतःच्या हाताने केलेली असते.

‘अरेस्टेड डेव्हलपमेंट’ या अमेरिकन विनोदी मालिकेच्या ‘टॉप बनाना’ नावाच्या दुसऱ्या भागाची ही कथा. फॉक्स वाहिनीवर 9 नोव्हेंबर 2003 रोजी हा भाग प्रथम दाखवला गेला. ‘टॉप बनाना’ हा अमेरिकन रंगभूमीवरचा जुना शब्दप्रयोग. हलक्याफुलक्या नाट्यप्रयोगांत जो मुख्य विनोदी नट असेल त्याला तसे म्हणत. पुढे तो कोणत्याही कारभारातल्या प्रमुख माणसासाठी रूढ झाला. भागाचे नाव केळ्यांवरून ठेवल्यासारखे वाटते, पण त्यात विचारलेला प्रश्न वेगळा आहे. या घराचा आणि या धंद्याचा कर्ता नेमका कोण?

मालिकेचा जनक मिचेल हरविट्झ हा कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीच परिसरात वाढला. लहानपणी वडील आणि थोरला भाऊ यांच्यासह त्याने तेथे बिस्किटांचे छोटेसे दुकान चालवले होते. घरच्या माणसांनी एकत्र गल्ल्यावर बसणे म्हणजे काय, हे त्याने ऐकून लिहिलेले नाही. याच न्यूपोर्टमधल्या बाल्बोआ बेटावर गोठवून चॉकलेटात बुडवलेली केळी काडीवर लावून विकण्याची जुनी प्रथा आहे. तेथील दोन दुकाने आजही आपणच पहिले असल्याचा दावा करतात. मालिकेतील ब्लूथ कुटुंबाची टपरी या खऱ्या दुकानांच्या ओळीतली आहे; छपरावर भलेमोठे केळे, आत दोन माणसे जेमतेम मावतील एवढी जागा.

ब्लूथ कुटुंबाचा मुख्य धंदा मात्र घरबांधणीचा. जॉर्ज ब्लूथ याने कंपनी उभारली, वाढवली आणि भागधारकांच्या पैशावर घर चालवले. निवृत्तीच्या समारंभात तो आपला कर्तबगार मुलगा मायकेल याच्याकडे कारभार सोपवणार, अशी सर्वांची आणि सर्वाधिक मायकेलची खात्री असते. जॉर्ज ऐनवेळी पत्नी ल्युसिलचे नाव जाहीर करतो. काही वेळातच भांडवली बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाचे अधिकारी येतात आणि जॉर्जला अटक होते. पुढे तुरुंगात तो मायकेलला कारण सांगतो. हिशेबातले घोळ उघड होणार हे त्याला ठाऊक होते. मुलाला त्यात गुंतवायचे नव्हते, आणि एकाच गुन्ह्यासाठी पती-पत्नी दोघांना धरता येत नाही अशी त्याची समजूत होती. हे काही खरे दिसत नाही, असे मायकेल नम्रपणे म्हणतो, तेव्हा आपल्याला अत्यंत भिकार वकील मिळाले आहेत एवढाच निष्कर्ष जॉर्ज काढतो.

हा विनोद मोठा जाणता आहे. मुलाला वाचवण्यासाठी त्याच्यापासून सारे लपवायचे, आणि लपवले म्हणूनच तो आणखी खोल अडकायचा, हा पेच येथे पहिल्यांदा दिसतो. दुसऱ्या भागात तोच पेच केळ्यांच्या टपरीपर्यंत येतो.

मालिकेची कल्पना 2002 च्या उन्हाळ्यात आकाराला आली. चित्रपट-दिग्दर्शक रॉन हॉवर्ड याला हातात धरलेल्या कॅमेऱ्याने, बातमीपटाच्या धाटणीची विनोदी मालिका करायची होती. हरविट्झने त्यासाठी श्रीमंतीतून खाली आलेल्या कुटुंबाची गोष्ट आणली. हॉवर्ड पुढे मालिकेचा निवेदकही झाला, आणि त्याचा शांत, किंचित खट्याळ आवाज पात्रांची प्रत्येक थाप त्याच क्षणी उघडी पाडतो. तो उन्हाळा अमेरिकन उद्योगजगताला विसरता येणार नाही असा होता. एन्रॉन डिसेंबर 2001 मध्येच दिवाळखोरीत गेली होती. जून 2002 मध्ये एन्रॉनची कागदपत्रे नष्ट केल्याच्या प्रकरणात आर्थर अँडरसन ही हिशेब-तपासनीस संस्था दोषी ठरली. (तो निकाल 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिरवला, तोवर संस्था मोडून पडली होती.) जुलैमध्ये ॲडेल्फिया या केबल कंपनीचे संस्थापक जॉन रायगस यांना त्यांच्या दोन मुलांसह अटक झाली. रायगस यांनी 1952 मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका लहान गावातून हा व्यवसाय सुरू केला होता. कंपनीचे नाव ‘भाऊ’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ठेवलेले. कुटुंबाने घेतलेल्या, पण कंपनी ज्यांना बांधील होती अशा कर्जांची 2.3 अब्ज डॉलरची रक्कम ताळेबंदात दिसत नव्हती. ती उघड झाल्यावर भागधारकांचा विश्वास गेला आणि कंपनीही गेली. 2004 मध्ये जॉन आणि त्यांचा मुलगा टिमथी दोषी ठरले.

हे सारे ताजे असताना प्रेक्षकांनी ‘टॉप बनाना’ पाहिला. म्हणून कंपनीच्या जुन्या नोंदी ठेवलेले गोदाम जळून खाक झाल्याचे मायकेलला कळते, तेव्हा त्यातील विनोद त्या काळच्या अमेरिकन माणसाला वेगळा समजावून सांगावा लागला नसेल. मायकेलला कारभार हाती घेऊन काही दिवसच झालेले आहेत. कंपनीची खाती सरकारने गोठवली आहेत. पुढे जायचे तर मागचे समजले पाहिजे, म्हणून तो वह्या शोधतो आणि त्याच्या हाती राख लागते. आग लावण्याबद्दल शिक्षा भोगून आलेला, वडिलांच्या तुरुंगातल्या ओळखीचा एक माणूस त्याला भेटतो. ते गोदाम तू जाळलेस का, असे मायकेल विचारतो. तो माणूस क्षणाचाही विलंब न लावता, मोकळ्या मनाने, होय म्हणतो. साऱ्या भागात सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देणारा बहुधा हा एकच इसम आहे, आणि तो सराईत आगलाव्या आहे.

इकडे टपरीवर तिसरी पिढी बसली आहे. मायकेलचा किशोरवयीन मुलगा जॉर्ज मायकेल तेथे काम करतो. त्याच्या नावात आजोबा आणि वडील दोघेही आहेत. तेवढ्याने भागले नाही म्हणून की काय, टपरीही त्याच्याच वाट्याला आली आहे. मायकेल स्वतः लहानपणी तिथेच राबला होता. मुलाचा उत्साह वाढावा म्हणून तो त्याला व्यवस्थापक नेमतो आणि कौतुकाने ‘मिस्टर मॅनेजर’ म्हणतो. मुलाला ते पदाचे अधिकृत नाव वाटते. नुसते ‘मॅनेजर’ म्हण, असे बाप दुरुस्त करतो. पण आताच तर तुम्ही मिस्टर मॅनेजर म्हणालात, असे मुलगा भाबडेपणाने म्हणतो. मायकेल सेरा या कोवळ्या नटाने हा गोंधळ इतक्या गंभीर चेहऱ्याने उभा केला आहे, की हसता हसता पोटात तुटते. या मुलाला पदवी मिळाली आहे, जबाबदारी मिळाली आहे, अधिकार मात्र कोणता मिळाला हे त्याला समजलेले नाही. त्याच्या वडिलांची कंपनीतील अवस्था अगदी हीच आहे, हे वडिलांच्या लक्षात येत नाही.

त्याच्या हाताखाली आत्तेबहीण मेबी येते. ही मुलगी आई-वडिलांच्या दुर्लक्षामुळे अकाली हुशार झालेली आहे. तिची युक्ती अशी : गल्ल्यातून एक डॉलर उचलायचा आणि एक केळे फेकून द्यायचे, म्हणजे हिशेब जुळतो. दुकानावर बसलेल्या कोणत्याही वाचकाच्या मनात येथे आपोआप आकडेमोड सुरू होईल. समजा, सकाळी शंभर केळी आली आणि एका डॉलरला एक याप्रमाणे पन्नास विकली. संध्याकाळी पन्नास केळी शिल्लक, गल्ल्यात पन्नास डॉलर. त्यातला एक डॉलर उचलला की एका डॉलरची तूट. आता एक केळे फेकले तर एकोणपन्नास उरली. म्हणजे कागदावर एक्कावन्न विकली गेली, आणि गल्ल्यात एक्कावन्न हवेत. तूट दोन डॉलरची झाली. चोरी झाकण्यासाठी केलेल्या कृतीने चोरी दुप्पट दिसू लागली. शिवाय माल वाया गेला तो वेगळाच. मुलांना आपण मोठी चलाखी केली असे वाटते. त्यांच्या घरातल्या थोरांनी याहून मोठ्या रकमांबाबत याहून फार वेगळे काही केलेले नाही; एक नोंद लपवण्यासाठी दुसरी खोटी केली, ती झाकण्यासाठी गोदामच जाळले.

जॉर्ज मायकेलला मात्र ही गोष्ट सहन होत नाही. तो घाबरतो, अपराधी होतो, झोप उडते. या घरातला हा एकटाच जीव आहे, ज्याला एका केळ्याचाही हिशेब द्यावासा वाटतो.

थोरला भाऊ जोब याचे प्रकरण थोडक्यात सांगून संपण्यासारखे नाही. जॉर्ज ऑस्कर ब्लूथ या पूर्ण नावाच्या आद्याक्षरांतून त्याचे नाव झाले आहे. बापाचे संपूर्ण नाव ज्याला मिळाले, त्याला बापाने कधी काही काम दिले नाही. थोरला असून डावलला गेलेला मुलगा हा सगळ्या जगातल्या एकत्र कुटुंबांचा जुना प्रश्न आहे आणि तो बहुधा न बोलताच सोडून दिला जातो. जोब हौशी जादूगार आहे, फुशारकी मारणारा आहे, दोन चाकांच्या विजेच्या गाडीवर उभा राहून गावभर फिरतो. विल आर्नेट या नटाने त्याला विदूषक होऊ दिले आहे, पण त्याच्या डोळ्यांतला अपमान लपू दिलेला नाही. आपल्यालाही काही जबाबदारी हवी, असे तो मायकेलकडे म्हणतो. मायकेल त्याला एक पाकीट देतो आणि टपालात टाकायला सांगतो.

येथे मायकेलची चूक पाहण्यासारखी आहे. काम द्यायचे म्हणून दिले, पण इतके क्षुल्लक दिले की त्यातून अपमानच व्हावा. आणि पाकिटात काय आहे ते सांगितले नाही. जोब ते पाकीट टपालपेटीत टाकत नाही, ते तो रागाने समुद्रात भिरकावतो. पाकिटात टपरीच्या विम्याच्या हप्त्याचा धनादेश असतो.

बापाने मुलाला न सांगता ठेवलेली गोष्ट आणि भावाने भावाला न सांगता दिलेली गोष्ट, दोन्हींचे मूळ एकच आहे. मायकेल बापाच्या गुप्ततेवर चिडलेला असतो आणि त्याच वेळी तीच रीत स्वतः चालवत असतो. मालिका हे कोठेही बोलून दाखवत नाही. निवेदकसुद्धा येथे गप्प राहतो, हे त्याच्या पद्धतीला सोडून असले तरी चांगलेच झाले.

मग रात्री बाप-लेक मिळून टपरी पेटवतात. मुलगा अपराधाच्या भाराने खचलेला, बाप आपल्या बापाच्या मुठीतून सुटण्यासाठी उतावीळ. आजोबांच्या हुकमतीचे हे चिन्ह एकदाचे नाहीसे व्हावे, एवढीच मायकेलची इच्छा असते. दृश्य मोठे प्रेमळ आहे. आगीच्या उजेडात दोघे पहिल्यांदाच जवळ आलेले दिसतात. तरीही एक गोष्ट मालिकेच्या चाहत्यांकडून नेहमी सुटते. मायकेल हा या कुटुंबातला प्रामाणिक माणूस मानला जातो, तो स्वतःही तसे मानतो. पण आपणच पेटवलेल्या दुकानाचा विमा आहे यावर समाधान मानणारा माणूस प्रामाणिक कसा? आधी गोदाम जळाले, नंतर टपरी. पहिली आग बापाच्या वर्तुळातली, दुसरी मुलाची. दोघांनाही वाटते की आपले कारण योग्य होते. मायकेलला घरातला एकमेव शहाणा समजून जो ही मालिका पाहतो, त्याच्या हातून तिचा अर्धा अर्थ निसटतो.

तुरुंगात तो वडिलांना अभिमानाने बातमी देतो. जॉर्ज हबकतो. आतल्या रकमेचे काय केलेस, हा प्रश्न मुलाला आधी कळतच नाही. भिंतींना आतून अडीच लाख डॉलर रोख लावलेले होते, हे ऐकल्यावर त्याला त्या साऱ्या जुन्या वाक्यांचा अर्थ लागतो. जॉर्ज संतापाने त्याला धरतो आणि तेच वाक्य पुन्हा ओरडून ऐकवतो. स्पर्श करू नका, असे पहारेकरी बजावतो. जेफ्री टॅम्बोरने या एका क्षणात हुशार बापाची सारी हतबलता दाखवली आहे : मी तर तुला सांगितले होते!

आणि खरोखरच त्याने सांगितले होते. त्याची बाजूही समजून घ्यावी लागते. भेटीच्या खोलीत पहारेकरी उभा आहे, खटला चालू आहे, खाती गोठलेली आहेत. उघड बोलले तर रक्कम सरकारजमा होणार. पण प्रश्न तुरुंगाच्या आधीचा आहे. रोजमेळात नसलेली रक्कम केवळ एका माणसाच्या डोक्यात असते, आणि तो माणूस आजारी पडला, कैदेत गेला किंवा मेला, की तिचा वारस कोणी नसतो. खतावणीतली रक्कम कोणालाही वाचता येते. भिंतीतली रक्कम वाचायला त्या भिंतीशी बोलणारा माणूस लागतो. जॉर्जने मुलाला इतकी वर्षे शेजारी बसवले, खुर्चीचे आमिष दाखवले, पण कुठली वही खरी आणि कुठली दाखवायची, हे सांगितले नाही. त्याचे मौन प्रेमातूनही आलेले असेल. भीतीतून तर नक्कीच. आणि थोडे सत्तेच्या लोभातूनही, कारण ज्याला सारे ठाऊक आहे त्याला घरातून कोणी निवृत्त करू शकत नाही.

रोखीच्या धंद्याचा हा जुना रोग आहे. लहान टपरी, सुट्या पैशांची विक्री, पावती न मागणारे गिऱ्हाईक. मोठ्या कंपनीतून काढलेले पैसे अशा ठिकाणी सहज मुरतात. मालिकेने करोडोंच्या बांधकामापेक्षा केळ्यांची टपरी निवडली, यात लेखकाची व्यवहारदृष्टी दिसते. बांधकाम कंपनीचे ताळेबंद प्रेक्षकाला पडद्यावर दाखवता येत नाहीत. केळे, डॉलर आणि काडेपेटी दाखवता येते.

मायकेलची आई ल्युसिल, बहीण लिंडसे, तिचा डॉक्टरकी सोडून नट होऊ पाहणारा नवरा टोबायस ही मंडळी या भागात आपापल्या तंद्रीत आहेत. त्यांतल्या टोबायसला एका जाहिरातीसाठी आगीत सापडलेल्या दुकानाच्या सवलतीच्या विक्रीची ओळ म्हणायची आहे. तो ती अशी काही म्हणतो की ऐकणाऱ्यांना खरोखरच आग लागल्याचा भास व्हावा. तीन आगींच्या भागात हीच तेवढी खोटी.

मालिकेला पहिल्या वर्षासाठी 2004 मध्ये सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार मिळाला. प्रेक्षक मात्र कमीच राहिले. तिसऱ्या वर्षाचे भाग कापून तेरावर आणले गेले, आणि शेवटचे चार भाग 10 फेब्रुवारी 2006 रोजी एकाच रात्री, हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनासमोर दाखवून वाहिनीने निरोप घेतला. एकूण त्रेपन्न भाग. त्यानंतर ही मालिका घरोघरी साठवून पाहणाऱ्यांमुळे वाढली. संकेत पेरून ठेवायचे आणि त्यांचा अर्थ फार उशिरा उलगडायचा, ही तिची रचना दर आठवड्याला एकदा पाहणाऱ्याला कठीण जात असे. सलग पाहणाऱ्याला ती सोपी झाली. टपरीचे ते वाक्य याचे उत्तम उदाहरण आहे. दुसऱ्यांदा पाहताना प्रत्येक वेळी जॉर्ज बोलू लागला, की मायकेलला हलवून जागे करावेसे वाटते.

पुढच्या भागांत टपरी पुन्हा उभी राहते आणि जॉर्ज मायकेल पुन्हा तिच्यात केळी चॉकलेटात बुडवताना दिसतो. 2013 मध्ये नेटफ्लिक्सने मालिकेचे नवे पर्व आणले, तेव्हा प्रसिद्धीसाठी छपरावर मोठे केळे असलेल्या तशाच टपऱ्या लंडन, न्यूयॉर्क अशा शहरांत उभारल्या गेल्या. लोक त्यांच्यासमोर रांगा लावून उभे राहिले. केळी फुकट होती.